जमादारची साखर

आधीच सांगते, हे मी शांत डोक्याने लिहिलेलं नाही. म्हाताऱ्या मांजराला साखरेचा आजार होतो, तो घरी सांभाळता येतो आणि कधीकधी मांजर त्यातून बाहेरही येतं, एवढं कुणाच्या कामी आलं तर चांगलंच. पण मी लिहायला बसले ती एका माणसावर दातओठ खात. तो माणूस माझ्या भिंतीपलीकडे राहतो आणि रोज सकाळी माझ्या ओसरीवर येऊन बसतो. का येतो, ते पुढे कळेल.

मी विमल. औशाला राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले. आमचे हे एसटी डेपोत मेकॅनिक होते. त्यांना साखरेनं नेलं. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत पाय, आणि मग ते स्वतः. मागे राहिलो मी आणि त्यांचा बोका, जमादार. डेपोत जुन्या टायरांच्या ढिगात सापडलेलं पिल्लू ह्यांनी डब्याच्या पिशवीतून घरी आणलं होतं. मोठा झाल्यावर तो असा चालायचा, जणू सगळी गल्ली त्याच्याच पगारावर आहे. म्हणून जमादार.

मुंगळे

आमच्याकडे नळाला पाणी येतं तेव्हा येतं. भरून ठेवलेली प्रत्येक बादली जपून वापरायची आमची सवय. त्यात जमादार पाणी प्यायला लागला. घागरीला तोंड, बादलीला तोंड, तुळशीच्या कुंडीखालच्या ताटलीतलंसुद्धा सोडेना. मी उन्हाळ्यावर ढकललं. खातोय चांगला, मग वाळत का चाललाय, याला मी म्हातारपण असं नाव दिलं.

मग एका सकाळी परसात गेले. कोपऱ्यात वाळूचा ढीग आहे, तीच त्याची लघवीची जागा. त्या वाळूवर मुंगळ्यांची रांग लागली होती. मी झाडू हातात धरून तिथंच उभी राहिले. ह्यांच्या वेळी आमच्या मोरीत असेच मुंगळे लागले होते आणि मी त्यांच्यावर पावडर टाकत बसले होते. मला तपासणीची गरजच राहिली नाही. मुंगळ्यांकडे बघून मी साखरेला मोठ्यानं म्हणाले, "आलीस का परत, रांडे?" शेजारच्या जाऊबाईंना वाटलं मी त्यांना म्हणाले, आणि त्या दोन दिवस बोलल्या नाहीत.

त्यानंतर लक्षात आलं, की तो मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून चालतोय. ज्या भिंतीवर तो एका उडीत जायचा तिच्या खाली बसून वर बघायचा. पायच. पुन्हा पाय. मला रडू यायला पाहिजे होतं, पण आला तो राग. एक माणूस नेऊन या साखरेचं पोट भरलं नाही, आता हे मुकं जनावर पाहिजे. त्याच क्षणी ठरवलं, हा पाय मी देणार नाही.

लातूर

औशाच्या जनावरांच्या दवाखान्यात शेळीवाले, म्हशीवाले बसले होते. मी पिशवीतून बोका काढला आणि शुगर म्हणाले, तेव्हा एक म्हातारा हसत म्हणाला, "बाई, मग त्याला रोज पहाटं फिराया नेत जावा." सगळे हसले. मीही हसले असते, पण मी त्या दिवशी कुणाचंच देणं ठेवायच्या मनःस्थितीत नव्हते. म्हणाले, "तुमची शेळी आधी मरल बघा." हे म्हणायला नको होतं, शेळीचा काय दोष.

तिथून लातूरला पाठवलं. बस, मांडीवर झाकणाची टोपली, आणि टोपलीतून विहिरीतून यावा तसा घुमत येणारा जमादारचा आवाज. लातूरच्या डॉक्टरबाई माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा वयाच्या. त्यांनी कानाच्या कडेला बारीक टोचलं, थेंब घेतला, मशीनकडे बघितलं, आणि पुन्हा बघितलं. ते दुसऱ्यांदा बघणं मला ओळखीचं होतं.

"वय झालंय त्याचं," त्या म्हणाल्या. "रोज दोन वेळा इंजेक्शन द्यावं लागेल, घरीच. जेवणाच्या वेळा पाळाव्या लागतील. काही लोकांना नाही जमत. जमेल तुम्हाला?"

मी म्हणाले, "ह्यांना मीच देत होते."

"ह्यांना म्हणजे अजून एक मांजर आहे?"

त्या दिवसात हसू आलं ते तेवढंच.

घरी येऊन ह्यांचं कपाट उघडलं. साखर तपासायचं मशीन डबीत तसंच होतं, नवे सेल घातले आणि चालू झालं. डॉक्टरबाईंना दाखवून घेतलं, त्या म्हणाल्या चालेल, आकडा थोडा इकडेतिकडे येतो एवढंच. ज्या मशीननं मला इतकी वर्षं घाबरवलं त्यालाच कामाला लावल्याचं मला समाधान वाटलं.

ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी सांगते. टोचायला घाबरू नका, मानेमागची सैल कातडी चिमटीत धरली की मांजराला फारसं कळत नाही. घाबरायचं ते सिरिंजला. इन्सुलिनची बाटली चाळीस युनिटची असेल तर सिरिंजही चाळीसचीच, लाल टोपणाची. दुकानदारानं दुसऱ्या रंगाची दिली तर तिथंच परत करा, नाहीतर डोस चुकतो. आधी खायला, खाल्लं हे डोळ्यानं बघायचं, मग सुई. दूध-भाकरी बंद, उकडलेलं चिकन, अंडं चालू. आणि लाईट जाते म्हणून मी बाटली डब्यात घालून माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यात ठेवत होते.

साखरेशी वैर

माझ्या घरात तेव्हा साखर नव्हती. हे गेले त्याच्या पुढच्या आठवड्यात मी साखरेचा डबा उचलला आणि परसातल्या वारुळावर रिकामा केला. गुळाची ढेप होती ती म्हशीवाल्याला दिली. पाहुण्यांना चहा बिनसाखरेचा. जाऊबाई म्हणायच्या, "विमलच्या घरचा च्या म्हंजी काढाच." म्हणू देत. मला साखरेचं तोंड बघायचं नव्हतं. दुसरा कुठलाच सूड माझ्या हातात नव्हता.

माणसांपैकी एकाचं मात्र तोंड रोज बघावं लागायचं. दादा, ह्यांचे थोरले भाऊ. मध्ये एक भिंत, तीही कमरेएवढी.

आमच्याकडे माया म्हणजे आग्रह. पंगतीत वाढणारा नाही ऐकून पुढे गेला तर त्याला शिष्टाचार नाही म्हणतात. दादा तर आग्रहातले पहिलवान. साखरपुडा असो, बारसं असो, पेढ्याचा डबा घेऊन ते ह्यांच्यापुढे उभे. "एका पेढ्यानं काय हुतंय, दिगू? तुला माझी आण हाय." भावाची आण कोण मोडणार? मी डोळे वटारायचे, मग दादा मला ऐकू जाईल असं म्हणायचे, "मास्तरीण हाय रे बाबा, शाळा सुटली तरी छडी काई सुटंना."

आणि लातूरच्या दवाखान्यात ह्यांचा पाय कापला तेव्हा हेच दादा वर आले नाहीत. खाली चहाच्या टपरीवर बसून राहिले. "मला रगत बघवत न्हाई, विमल." वॉर्डात मी एकटी. ह्यांनी शुद्धीवर येताच विचारलं, दादा कुठाय. मी म्हणाले, औषध आणायला गेलेत. ते खोटं मी त्या माणसासाठी बोलले, याची चीड मला पायाच्या दुःखापेक्षा जास्त दिवस पुरली.

आकडा हलेना

जमादारचे पहिले दोन महिने वाईट गेले. सकाळी इंजेक्शन, संध्याकाळी इंजेक्शन, वेळेवर जेवण, आणि आकडा खाली यायचं नाव नाही. डॉक्टरबाईंनी डोस वाढवला. पुन्हा वाढवला. पुण्याची माझी मुलगी फोनवर म्हणाली, "आई, त्याला त्रास देतेयस का तू? सोड आता." मी फोन ठेवून दिला. तिनं बापाचा पाय बघितला नव्हता, तेव्हा तिच्या परीक्षा होत्या.

डॉक्टरबाईंनी एकदा सरळ विचारलं, "बाहेर काही खातोय का? कुणी देतं का?"

मी छाती ठोकून म्हणाले, "माझ्या नजरेबाहेर जात नाही."

तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं, की भिंतीच्या टोकाला, पाण्याच्या टाकीमागे, चार विटा निखळल्यात. उडी मारता न येणाऱ्या बोक्यालाही तिथून पलीकडे जाता येतं.

एका संध्याकाळी खायला घालून, टोचून झालं आणि जमादार दिसेना. मी टाकीमागे गेले. विटांच्या भगदाडातून दादांचा ओटा दिसत होता. दादा मांडी घालून बसलेले. पुढ्यात स्टीलची वाटी. वाटीत दूध, आणि दुधात ते खव्याचा पेढा बोटांनी कुस्करत होते. जमादार मान खाली घालून लपालपा खात होता. दादा त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "खा रे, दिगू. ती बाई तुला काई खाऊ देत न्हाई."

दिगू. माझ्या नवऱ्याचं नाव.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी भिंत कशी ओलांडली ते आठवत नाही, लुगड्याचा काठ फाटला हे नंतर दिसलं. वाटी उचलून मोरीत फेकली.

"एकदा मारला तेवढं पुरं झालं न्हाई का दादा? आता दुसऱ्यांदा मारून राहिलाव?"

दादा उठले नाहीत. दुधाचा हात तसाच धरून म्हणाले, "पितराच्या दिशी बघितलं न्हाईस का तू? कावळा शिवंना. दोन घंटे हात जोडून उभा हुतो मी पत्र्याखाली. सगळं कबूल केलो. विमलकडं बघतो म्हणलो, रान इकत न्हाई म्हणलो. कावळा काई येईना. आन् ह्यो आला. पानातला पेढाच उचलला त्यानं. पयला पेढा. तवाच वळखलं म्या."

मला तो दिवस आठवला. पितृपक्षातलं ह्यांचं पहिलं पान. कावळा शिवला नाही म्हणून सगळे अस्वस्थ, आणि जमादार उडी मारून पत्र्यावर गेला. मी त्याला हाकललं होतं. दादांनी हाकलू दिलं नव्हतं. तेव्हापासून रोज संध्याकाळी भावाला पेढा चालला होता.

कुणाला याची दया येईल. मला आली नाही. उलट त्यांनी माझ्या हातात कोलीतच दिलं.

"बरं," मी म्हणाले. "ह्यो दिगू हाय म्हणता ना तुमी? मग उद्या सकाळपासून माझ्या वसरीवर या. तुमच्या भावाला सुई टोचायची हाय. तुमी धरायचं."

"मला सुई बघवत न्हाई, विमल."

"म्हणूनच."

शिक्षा

वर्गात मी कधी पोरांना मारलं नाही. पण ज्यानं फळा घाण केला त्यालाच तो पुसायला लावायचे. दादांना हीच शिक्षा. ते आले. न येऊन जातात कुठे, रात्रीतून जाऊबाईंना सगळं कळलं होतं आणि त्यांनीही त्यांना सोडलं नसणार. ओसरीवर टॉवेल पसरून मांडीवर जमादारला घेतलं आणि डोळे गच्च मिटले.

"डोळे उघडा," मी म्हणाले.

त्यांनी उघडले. मी सुई सावकाश भरली, उजेडात धरली, बुडबुडा काढला. एरवी मी हे पटकन करते. त्या दिवशी वेळ लावला. दादांच्या कपाळावर घाम आला, आणि मला फार बरं वाटलं. हे बरं वाटणं चांगलं नव्हतं, माहीत आहे. पण आजारपणावर लिहिणारे सगळे आपण किती समजूतदार झालो तेच लिहितात, म्हणून मी हे लिहून ठेवते.

दादा रोज यायला लागले. विटांचं भगदाड मी बुजवून टाकलं. पेढा बंद. मी जिंकत होते.

दुपार

जे मला कळायला हवं होतं ते कळलं नाही. डोस वाढत गेला होता तो चोरीच्या पेढ्यामुळे. पेढा बंद झाला, डोस तोच राहिला. डॉक्टरबाईंना लगेच फोन करायला पाहिजे होता. मी सूड घेण्यात रमले होते.

एके दिवशी दुपारी जेवून उठले तर बाजेखालून खरखर आवाज आला. जमादार आडवा पडलेला, तोंडातून लाळ, पाय झटकत होता. हाक मारली तर डोळा वळेना. साखर एकदम उतरली होती. हे असं झालं तर काय करायचं ते डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: हिरड्यांना साखरेचं पाणी चोळा आणि लगेच निघा.

मी स्वयंपाकघरात धावले. एक डबा उघडला, दुसरा उघडला. पोहे, डाळ, तिखट. सगळे डबे खाली घेतले. घरात साखरेचा कण नव्हता. इतकी वर्षं ज्यांचा मला अभिमान होता, ते डबे पुढ्यात उघडे पडले होते आणि पलीकडे जमादार जात होता.

भिंतीशी जाऊन मी ओरडले, "दादा, साखर आणा."

तो म्हातारा अनवाणी धावत आला, धोतराचा सोगा सुटलेला, दोन्ही मुठींत साखर. ओसरीभर सांडत आला. मी तांब्यातलं पाणी ओतलं, त्यांनी तळहातावरच ती कालवली आणि बोट जमादारच्या तोंडात घातलं. बोट दातांच्या मध्ये घालायचं नसतं, ओठ बाजूला करून बाहेरून हिरडीला चोळायचं असतं. दादांना कुठलं माहीत. जमादारनं झटक्यात दात रुतवले. बोटातून रक्त आलं, साखरेच्या पाण्यात मिसळलं, आणि रगत न बघवणारा माणूस चोळतच राहिला. "दिगू, चाट. दिगू, चाट रे बाबा."

थोड्या वेळानं जीभ हलली. मग डोळा माझ्याकडे वळला.

रस्त्यावर येऊन मिळेल ती जीप धरली. दादा टॉवेलमधल्या जमादारला छातीशी धरून बसले होते. बोटाला मी पदर फाडून बांधलेला. लातूर जवळ आलं तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "विमल, म्या चारलो म्हणून गेला का गं दिगू?"

हा प्रश्न त्यांनी विचारावा म्हणून मी किती वाट बघितली होती. खरं तर ह्यांनाही जीभ होती. डेपोच्या कँटीनमध्ये ते गोड चहा किती प्यायचे ते मला ठाऊक होतं. जखम लपवली तीही त्यांनीच. हे सगळं दोन वाक्यांत सांगता आलं असतं.

मी होकार दिला, "हाव."

दादांनी मान हलवली. दवाखान्यात खाली थांबले नाहीत. जमादारला घेऊन जिना चढले, टेबलापाशी उभे राहिले, सलाईनची सुई लावताना त्याचा पाय त्यांनीच धरला. मी मागे उभी राहून बघत होते आणि मनात एकच, तेव्हा चढला असतात तर. तेव्हा चढला असतात तर.

त्यानंतर

डॉक्टरबाई मला रागावल्या आणि बरोबर रागावल्या. डोस कमी केला. मग आणखी कमी. आकडे उतरत गेले. पाणी पिणं कमी झालं, वाळूवरचे मुंगळे गेले. मागचे पाय हळूहळू उभे राहिले. एक दिवस धुणं वाळत घालताना बघितलं, तर जमादार भिंतीवर बसून गल्लीची हजेरी घेत होता. मी ओला टॉवेल तोंडावर धरून रडले. पायासाठी जे रडायचं राहिलं होतं ते सगळं रडले.

मग डॉक्टरबाई म्हणाल्या, इंजेक्शन थांबवून बघू. काही मांजरांचं असं होतं, शरीर पुन्हा सांभाळून घेतं. आजार परत येऊ शकतो, तपासत राहा. मी कानाचा थेंब घेत राहते. घरात आता साखरेची एक लहान डबी आहे. ती औषधांच्या कप्प्यात असते, चहात पडत नाही.

इंजेक्शन बंद झाल्याला बरेच दिवस झाले. दादांना मी सांगितलेलं नाही.

ते रोज सकाळी आंघोळ करून येतात. टॉवेल पसरतात, जमादारला मांडीवर घेतात. त्या बोटावर दाताचे दोन व्रण आहेत. मी रिकामी सिरिंज आणते आणि लाल टोपण न काढता ती जमादारच्या मानेला टेकवते. जमादारला जागसुद्धा येत नाही. दादांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालंय, भिंतीपलीकडून त्यांना माझ्या दोरीवरचे चिमटे मोजता येतात. टोपण त्यांना दिसत नसेल असं मला वाटत नाही.

मी माफ केलेलं नाही. तसं कुणी समजू नये.

आज सकाळी टेकवून झाल्यावर त्यांनी जमादारला खाली ठेवलं, टॉवेल झटकला, घडी घातली आणि पायरीवर थांबून विचारलं, "उद्या बी येऊ?"

मी म्हणाले, "हाव. उद्या बी."